मध्यम आकाराची आलिशान सेडान घेताना: शोरूमच्या किमतीपलीकडचा हिशेब

२०२३ च्या दिवाळीआधीचे आठ महिने मी पुण्यात मर्सिडीज-बेंझ सी-क्लास, बीएमडब्ल्यू ३ सिरीज ग्रान लिमोझिन आणि ऑडी ए४ या तीन गाड्यांमध्ये निवड करण्यात घालवले. त्यांतले पहिले सहा महिने मी चुकीच्या गोष्टींची तुलना करत होतो. शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते, पडदा किती इंचांचा आहे आणि अर्थातच ॲव्हरेज किती देते, यांचे तक्ते मी बनवत बसलो होतो. पुढे एका सनदी लेखापाल मित्राने विचारले, "ही गाडी तू विकणार कधी आणि कितीला?" त्या एका प्रश्नाने सगळे तक्ते बाजूला पडले. आयुष्यात पहिल्यांदाच या वर्गातली गाडी घेऊ पाहणाऱ्यांसाठी, तो प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर ठेवून हा क्रम लिहीत आहे. माझ्या दारात शेवटी यांपैकी कोणती गाडी आली हे मुद्दाम सांगत नाही, कारण तुमचा हिशेब माझ्यापेक्षा वेगळा निघू शकतो.

१. यादी आधी लहान करा

तिन्ही गाड्या भारतातच जुळवल्या जातात: सी-क्लास आपल्या चाकणला, ए४ छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला आणि ३ सिरीज चेन्नईजवळ. त्यामुळे पूर्ण आयात गाडीवरचे जबर सीमाशुल्क त्यांना लागत नाही आणि त्यांच्या किमती एकमेकींच्या टप्प्यात राहतात. ए४ साधारण पन्नास लाखांच्या अलीकडे-पलीकडे पडते, तर उरलेल्या दोन साठच्या घरात जातात. प्रतीनुसार फरक पडतो, म्हणून ताजे दरपत्रक हातात घ्यावे.

या गाड्यांचे स्वभाव वेगळे आहेत. सध्याची सी-क्लास भारतात मे २०२२ मध्ये आली आणि तिच्या इंजिनांना ४८ व्होल्टच्या सौम्य हायब्रिड यंत्रणेची, म्हणजे हातभार लावणाऱ्या छोट्या विद्युत मोटरची, जोड आहे. ग्रान लिमोझिन म्हणजे लांब केलेली ३ सिरीज. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २९६१ मिलिमीटर असून ते साध्या ३ सिरीजपेक्षा ११० मिलिमीटरने जास्त आहे, आणि त्याचा फायदा मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना मिळतो. ए४ तिघींत स्वस्त आहे, पण तिची मूळ रचना २०१५ सालची आहे आणि परदेशात ऑडीने २०२४ मध्ये तिची जागा ए५ नावाच्या नव्या गाडीला देऊन टाकली आहे. म्हणून ती वाईट गाडी ठरत नाही. मात्र पिढी बदलण्याच्या तोंडावर गाडी घेतली की आज मिळालेली सूट विकण्याच्या दिवशी परत द्यावी लागते, हे लक्षात ठेवूनच घासाघीस करावी. प्रत्येक विक्रेत्याला हा प्रश्न थेट विचारा: या गाडीची पुढची पिढी कधी येणार आहे? उत्तर गोलमोल आले, तरी त्यातून बरेच कळते.

२. घर आणि रस्ता मोजा, मग गाडी पाहा

तुमच्या सोसायटीत मेकॅनिकल पार्किंग असेल, तर पहिली टेस्ट ड्राइव्ह घेण्याआधी त्या पाळण्यावरची पाटी वाचा. तिच्यावर लांबी, रुंदी, उंची आणि वजन यांची मर्यादा लिहिलेली असते. सी-क्लास सुमारे ४.७५ मीटर लांब आहे, ए४ सुमारे ४.७६ आणि ग्रान लिमोझिन सुमारे ४.८२. वजनही दीड टनाच्या वरच समजावे. माझ्या इमारतीत वरच्या पाळण्याची वजनमर्यादा कमी आहे, म्हणून मला शेजाऱ्याशी जागेची अदलाबदल करावी लागली. त्यांचे उपकार अजून फेडतो आहे.

टेस्ट ड्राइव्ह मात्र नेहमीच्या पद्धतीने घेऊ नका. विक्रेता तुम्हाला गुळगुळीत रस्त्यावर, एकट्याला, दहा मिनिटे फिरवतो. तुम्ही घरची चार माणसे घेऊन जा आणि गाडी तुमच्या गल्लीत, तुमच्या गतिरोधकांवरून आणि तुमच्या तळघराच्या उतारावरून न्या. दोन चाकांमधले अंतर जितके जास्त, तितके गाडीचे पोट उंच गतिरोधकावर घासण्याची शक्यता अधिक. लांब केलेल्या गाडीत मागच्या सीटवर मिळणाऱ्या सुखाची ही किंमत आहे. आमच्या आईचे गुडघे दुखतात. तिला मागच्या सीटवर बसवून उतरायला लावले, तेव्हा सीट किती खाली आहे हे मला पहिल्यांदा समजले, आणि माझ्या यादीतला क्रम तिथेच बदलला.

३. दरपत्रक एकेक ओळ सुटी करून वाचा

ऑन-रोड किंमत हा एकच आकडा म्हणून कधीही स्वीकारू नका. त्याच्या पोटात पुढील गोष्टी असतात.

पहिली म्हणजे जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातील गाड्यांवर सरसकट ४० टक्के दर आहे आणि पूर्वीचा उपकर गेला आहे. तो शोरूम किमतीतच धरलेला असतो, पण त्याआधीच्या जुन्या किमतींशी तुलना करताना गोंधळ होतो.

दुसरी म्हणजे रोड टॅक्स. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर घेतलेल्या, वीस लाखांवरील पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेल गाडीला १५ टक्के कर लागतो. गाडी कंपनीच्या नावावर घेतली, तर हाच दर २० टक्के होतो. साठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर हा कर अनुक्रमे ७.८ लाख आणि १२ लाख एवढा पडतो. "कंपनीच्या नावावर घ्या, घसारा मिळेल" असा सल्ला सर्रास दिला जातो. आयकरात गाडीवर साधारणपणे वर्षाला १५ टक्के घसारा, म्हणजे घटत्या किमतीची वजावट, मिळतो हे खरे आहे, पण अशा प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट सहसा मिळत नाही आणि रोड टॅक्स मात्र वाढतो. शिवाय त्या आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर त्या वर्षाचा घसारा निम्माच मिळतो. म्हणजे मार्चअखेरीस घाईने गाडी उचलणाऱ्याला विक्रेता सांगतो तेवढा फायदा होत नाही. लेखापालाकडून दोन्ही पर्याय आकड्यांत मांडून घ्या.

तिसरी म्हणजे १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विकतानाच गोळा करायचा आयकर. दहा लाखांवरील गाडीवर हा कापला जातो. तो खर्चात धरू नका, कारण आयकर विवरणपत्र भरताना त्याचे श्रेय मिळते. मात्र पावती आणि पॅन क्रमांक बरोबर असल्याची खात्री करा.

उरते ती किरकोळ भर: हाताळणी शुल्क, ॲक्सेसरीज, काचेसारखा रंगलेप, आणि शोरूममधूनच घ्यायला लावलेला विमा. हाताळणी शुल्क कोणत्या नियमाखाली घेता, असे लेखी विचारले की बहुतेक वेळा ती ओळ गळून पडते. विमा बाहेरून घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

बदलीची नोकरी असणाऱ्यांनी बीएच मालिकेचाही, म्हणजे राज्य बदलले तरी चालणाऱ्या नोंदणी क्रमांकाचाही, विचार करावा. केंद्र आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी संस्थांच्या कर्मचाऱ्यांना ती मिळू शकते. त्यात रोड टॅक्स दोन-दोन वर्षांच्या हप्त्याने भरायचा असतो. गाडी तीन-चार वर्षांत विकायची असेल, तर सुरुवातीचा भार बराच हलका होतो.

४. पाच वर्षांचा हिशेब मांडा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. खालचे काही आकडे मी उदाहरणासाठी गृहीत धरले आहेत. त्यांच्या जागी तुमचे आकडे घाला, पण रकाने तेच ठेवा.

समजा, पेट्रोल गाडीची शोरूम किंमत ६० लाख आहे. रोड टॅक्स ७.८ लाख आणि पहिल्या वर्षीचा विमा २ लाख धरला, तर ऑन-रोड ६९.८ लाख होतात. पाच वर्षांनी ती ३० लाखांना विकली जाते असे समजू. म्हणजे नुसती गाडी बाळगण्याची किंमत ३९.८ लाख झाली. वर्षाला १२,००० किलोमीटर, शहरात लिटरला १० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर इंधनाचे वर्षाला १.२६ लाख, पाच वर्षांत ६.३ लाख. विम्याच्या पुढच्या चार वर्षांचे ४.८ लाख, सर्व्हिसचे ५ लाख, टायरच्या एका संचाचे १.२ लाख. ४० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ८३,००० रुपये बसतो आणि व्याज सुमारे ९.८ लाख जाते. सगळी बेरीज ६६.९ लाख. महिन्याला १ लाख ११ हजारांहून अधिक, आणि किलोमीटरला सुमारे १११ रुपये.

आता यातील एकच आकडा हलवून पाहा. पाच वर्षांनी गाडीला ३० ऐवजी २४ लाख मिळाले, तर खर्च ६ लाखांनी वाढतो. पाच वर्षांचे पेट्रोलच मुळी ६.३ लाखांचे आहे! लिटरमागे एक किलोमीटर जास्त मिळावा म्हणून आपण महिनोन्महिने वाद घालतो, पण तो एक किलोमीटर पाच वर्षांत ५७ हजारांच्या आसपास वाचवतो. विक्रीच्या किमतीतला फरक त्याच्या दहापट आहे. हप्त्याचा आकडाही असाच फसवतो. ८३,००० रुपये पेलतात म्हणून गाडी पेलते असे नाही, कारण प्रत्यक्षात तिच्यावर महिना लाखाच्या पुढे खर्च होत असतो, त्यातला मोठा भाग फक्त विकायच्या दिवशी दिसतो.

म्हणून प्रत्येक गाडीची तीन आणि पाच वर्षे जुनी प्रत आज कितीला विकली जाते ते शोधा. त्यासाठी जाहिरातीतली मागणी पाहू नका. वापरलेल्या गाड्यांच्या दोन-तीन व्यापाऱ्यांकडे जाऊन "अशी गाडी मला विकायची आहे, किती द्याल?" असे विचारा. विकत घेणारा म्हणून गेलात तर एक आकडा ऐकू येतो, विकणारा म्हणून गेलात तर दुसरा. तुमच्या कामाचा दुसराच. काही कंपन्यांच्या वित्तसंस्था ठरावीक काळानंतर गाडी ठरलेल्या किमतीला परत घेण्याची हमी देतात. तिथे किलोमीटरची मर्यादा, ओरखड्यांची कपात आणि सर्व्हिस कुठे करायची याच्या अटी वाचल्याशिवाय सही करू नका.

५. पेट्रोल की डिझेल

डिझेल हवेच असेल, तर ए४ यादीतून आपोआप गळते, कारण २०२० मध्ये भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यापासून ऑडीने भारतात डिझेल गाड्या विकणे बंद केले. सी-क्लासमध्ये २२०डी हा पर्याय आहे.

वरच्याच धावेवर डिझेलला लिटरमागे १५ किलोमीटर आणि ९२ रुपये भाव धरला, तर वर्षाला ७३,६०० रुपये लागतात, म्हणजे ५२,४०० ची बचत. पण साठ लाखांवर रोड टॅक्स २ टक्क्यांनी जास्त, म्हणजे १.२ लाख आधीच गेलेले. दोन्ही गाड्यांची किंमत सारखी असली, तरी नुसता कर भरून निघायला सव्वादोन वर्षे जातात. पैशांइतकाच वापराचा प्रश्नही आहे. आजच्या डिझेल गाडीतील धुराची गाळणी साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. दर पंधरवड्याला पुणे-मुंबई किंवा पुणे-कोल्हापूर होत असेल, तर डिझेल जरूर घ्या. रोजचा प्रवास कोथरूड ते शिवाजीनगर एवढाच असेल, तर ती गाळणी तुम्हाला वर्कशॉपच्या चकरा मारायला लावील.

६. विमा

नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. जून २०२२ च्या दरपत्रकानुसार १५०० सीसीवरील गाडीला त्याचे २४,५९६ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या गाडीला १०,६४० रुपये पडतात. सी-क्लासमधल्या सी २०० या पेट्रोल गाडीचे इंजिन १४९६ सीसीचे असल्याने ती खालच्या गटात बसते. एकूण हिशेबात ही बचत किरकोळ आहे.

खरा पैसा स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात असतो. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि या गाड्यांचा पुढचा बंपर म्हणजे संवेदकांनी भरलेले प्लास्टिकच असते. म्हणून शून्य-घसाऱ्याची जोड घ्याच. पावसाळ्यात पाण्यातून गाडी न्यावी लागणाऱ्यांनी इंजिन संरक्षणही घ्यावे, आणि बंद पडलेली गाडी पाण्यातच पुन्हा चालू करू नये, कारण त्यानंतर दावा नाकारला जाऊ शकतो. हप्ता स्वस्त दाखवण्यासाठी विम्यातील गाडीचे मूल्य कमी लिहिण्याची युक्ती सर्रास होते. दोन कंपन्यांची तुलना करताना आधी तो आकडा सारखा करून घ्या.

७. टायर, स्टेपनी आणि सर्व्हिस

टायरवर २२५/५० आर१७ असे लिहिले असेल, तर त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के, म्हणजे ११२ मिलिमीटर असते. २२५/४५ आर१८ मध्ये ती १०१ मिलिमीटर उरते. हे अकरा मिलिमीटर रबर म्हणजे खड्डा आणि अलॉय चाक यांच्यामधली उशी आहे. देखणी मोठी चाके असलेली प्रत घेताना हे आठवावे. माझे एक चाक पहिल्याच पावसाळ्यात वाकले आणि तो खर्च मी कोणत्याही तक्त्यात धरलेला नव्हता.

डिकीचे झाकण उघडून स्टेपनी आहे का, असल्यास पूर्ण आकाराची आहे का आणि तिच्यामुळे सामानाला किती जागा उरते, ते स्वतः पाहा. काही गाड्यांना रनफ्लॅट टायर असतात. हवा गेल्यावरही ते साधारण ८० किलोमीटर अंतर, ताशी ८० च्या आत नेतात. सोय मोठी आहे, पण ते कडक असतात, महाग असतात आणि लहान गावात चटकन मिळत नाहीत. ज्यांचे गाव सोलापूरच्या पलीकडे आहे त्यांनी याचा विचार करावा.

सर्व्हिस पॅकेज घेताना झीज होणारे भाग, म्हणजे ब्रेकचे पॅड, डिस्क आणि वायपर, त्यात आहेत की नाहीत हे लेखी घ्या. पॅकेज आणि वाढीव वॉरंटी गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते का, हेही विचारा. जात असेल, तर विकताना तिचे पैसे निघतात.

८. नवी की तीन वर्षांची

वरचा हिशेब पाहून पोटात गोळा आला असेल, तर वापरलेल्या गाडीचा विचार करा. पहिल्या तीन वर्षांचा मोठा घसारा दुसऱ्याने सोसलेला असतो. तिन्ही कंपन्यांचे स्वतःचे प्रमाणित विक्री विभाग आहेत. तिथे भाव चढा असतो, पण वॉरंटी मिळते. बाहेरून घेत असाल, तर शासनाच्या वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा, थकलेली चलाने आणि विम्याची मुदत तपासा, आणि चेसिस क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिसचा इतिहास काढून घ्या.

दोन सापळे नेहमीचे आहेत. पहिला, दिल्लीहून आलेली स्वस्त डिझेल गाडी. तिथे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध असल्याने भाव पडलेले असतात, पण महाराष्ट्रात आणताना ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. दुसरा, भारतात विक्री थांबलेल्या व्होल्वो एस६० किंवा जग्वार एक्सई सारख्या गाड्या. गाड्या उत्तम आहेत, भावही मोहात पाडणारे असतात. त्यांचे सुटे भाग मिळायला किती दिवस लागतात, हे जवळच्या वर्कशॉपमध्ये विचारल्याशिवाय इसार देऊ नका.

९. कागदपत्रे आणि ताबा

खरेदीसाठी आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्रे लागतात. कर्जासाठी त्यांच्या जोडीला दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, सहा महिन्यांचे बँकेचे उतारे आणि नोकरदारांना पगारपत्रके लागतात. आरटीओच्या नोंदणीसाठी नमुना २० चा अर्ज, नमुना २१ चे विक्री प्रमाणपत्र आणि गाडी रस्त्यायोग्य असल्याचा नमुना २२ असतो, कर्ज असल्यास बोजाच्या नोंदीचा नमुना ३४. नमुना २१ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. जानेवारीत घेतलेली गाडी मागच्या वर्षाच्या मध्यात बनलेली निघाली, तर विकताना ती एक वर्ष जुनीच मोजली जाते. म्हणून हा महिना इसार देण्याआधी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.

गाडीची तपासणी नोंदणी होण्याआधी, दिवसाउजेडी करा. एकदा क्रमांक पडला की दोष दाखवून गाडी बदलून मिळणे फार कठीण होते. रंगाच्या छटेतला फरक, काचांवरचे वर्ष, चारही टायरवरचा आठवडा आणि वर्ष दाखवणारा चार अंकी आकडा, आणि किलोमीटरचा काटा एवढे तरी पाहाच. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी दारात यावी ही इच्छा मी समजू शकतो, पण तपासणी किमान चार दिवस आधी उरकून घ्या. सणाच्या सकाळी शोरूममध्ये पेढे मिळतात, कोणाचे लक्ष मिळत नाही.

ताबा मिळाला की त्याच दिवशी एक फाइल सुरू करा. तीत मूळ पावती, प्रत्येक सर्व्हिसचे बिल, टायरची बिले, विम्याची जुनी पत्रे आणि कर्ज फिटल्यावर मिळणारे नमुना ३५ चे कागद ठेवा. बोजा उतरवण्याचा अर्ज लगेच करा, कारण बँकेच्या ना-हरकत पत्राला मुदत असते. आणि दुसरी किल्ली पाकिटात घालून याच फाइलला जोडा. पाच वर्षांनी येणारा व्यापारी बॉनेट उघडण्याआधी तीच मागतो.